अडतिसावं अक्षवृत्त आणि चंदगडची वाट

फाजल अली, कुंझरू, पणिक्कर. आमच्या घरात ही तीन नावं एका दमात घेतली जायची, आणि घेताना आजोबांचा आवाज हमखास चढायचा. राज्य पुनर्रचना आयोगाचे हे तीन सदस्य. ३० सप्टेंबर १९५५ ला त्यांनी अहवाल दिला. चंदगड तालुका वगळून बाकीचा बेळगाव जिल्हा कर्नाटकाला जोडावा असं त्यात म्हटलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. माझ्या आईचं माहेर चंदगडकडचं. लग्न करून ती बेळगावला आली तेव्हा माहेर आणि सासर एकाच जिल्ह्यात होतं. वर्ष-दीड वर्षात माहेर कोल्हापूर जिल्ह्यात गेलं, राज्यही बदललं. ती होती तिथंच होती, तिचे भाऊ होते तिथंच होते.

पुढं मी इतिहासाची शिक्षिका झाले, आणि दहावीच्या पोरांना शीतयुद्ध शिकवायची वेळ आली. पाठ्यपुस्तकात कोरियाला चार ओळी. पोरं विचारायची, "बाई, एकाच भाषेची माणसं कशाला भांडली?" सीमाभागातल्या पोरांना हा प्रश्न पडणारच. आमच्या इथली सगळी भांडणं दोन भाषांची. भाषा एकच असती तर सगळं गोडीगुलाबीनं झालं असतं अशी त्यांची समजूत. त्यांना धड उत्तर द्यावं म्हणून वाचायला बसले, आणि तिथं अचानक ओळखीचं नाव भेटलं. पणिक्कर.

१९५० साली सरदार के. एम. पणिक्कर पेकिंगमध्ये भारताचे राजदूत होते. कोरियात युद्ध पेटून तीन महिने झाले होते. २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री चिनी पंतप्रधान चौ एन लाय यांनी त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, अमेरिकेच्या फौजा अडतिसावं अक्षवृत्त ओलांडून उत्तर कोरियात शिरल्या तर चीन स्वस्थ बसणार नाही. पणिक्करांनी निरोप दिल्लीला कळवला, तिथून तो लंडन-वॉशिंग्टनला गेला. वॉशिंग्टनात कुणी मनावर घेतला नाही. हा गृहस्थ कम्युनिस्टांकडं झुकलेला, त्याचं काय ऐकायचं, असा तिथला सूर. फौजा पुढं गेल्या. चीन युद्धात उतरला, आणि जे युद्ध बहुधा त्याच वर्षी आटोपलं असतं ते आणखी पावणेतीन वर्षं चाललं.

आजोबा तोवर गेले होते. असते तर म्हणाले असते, "तिकडं रेघ ओलांडू नका म्हणून सांगत फिरला, आणि इकडं येऊन आमच्या दारात ओढली." आजोबांना पणिक्करांबद्दल चांगलं बोललेलं खपलं नसतं. मला मात्र त्या दिवसापासून दोन्ही रेघा शेजारी शेजारी दिसायला लागल्या. तुलना फार ताणू नये हे कळतं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना कुठलाही नकाशा दिला तरी त्यात बेळगाव शोधायची खोडच आहे. पण शोधता शोधता मला जे सापडलं ते आमच्या इथल्या भाषणांत कधी ऐकलं नव्हतं.

आधी त्या तिकडच्या रेघेचं सांगते. १९१० पासून कोरिया जपानच्या ताब्यात. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान कोसळायला आला. ८ तारखेला सोव्हिएत रशियानं जपानविरुद्ध युद्ध पुकारलं आणि त्यांच्या फौजा उत्तरेकडून कोरियात शिरल्या. अमेरिकेची जवळात जवळची फौज ओकिनावाला, समुद्रापलीकडं. सगळा कोरिया रशियाच्या घशात जाईल ही धास्ती. १० ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात आलं की जपानी सैन्याची शरणागती कुणी कुठवर घ्यायची ते ठरवा. त्यांच्यासमोर नॅशनल जिओग्राफिकचा एक नकाशा होता. अर्ध्या तासात त्यांनी अडतिसाव्या अक्षवृत्तावर बोट ठेवलं, कारण त्यामुळं राजधानी सोल अमेरिकेच्या वाट्याला येत होती. स्टालिननं कुरकुर न करता मान्य केलं, याचं खुद्द रस्कलाही नवल वाटलं. कोरियन माणूस त्या खोलीत एकही नव्हता. तिकडं कोरियात १५ ऑगस्टला स्वातंत्र्य आलं म्हणून लोक रस्त्यावर नाचत होते.

या मानानं आमचा आयोग साधुसंतांचा म्हणायचा. दोन वर्षं देशभर फिरला, नऊ हजारांहून अधिक लोकांना भेटला, लाखाच्या वर निवेदनं घेतली. त्यातली काही बेळगावचीही होती. तरी आजोबांचं म्हणणं मरेपर्यंत एकच, "आम्हाला कुणी विचारलं नाही." विचारलं होतं. ऐकलं नाही. रेघ कुणाला विचारून ओढली की न विचारता, यावरून युद्ध होतं की नाही ते ठरत नसावं. विचारून ओढलेली रेघही सत्तर वर्षं ठणकते, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक?

सुरुवातीला अडतिसावी रेघ ही नुसती सोय होती. फौजा जायच्या, रेघ पुसायची, असं ठरलेलं. पण ती आडवी-सरळ, भूमितीतल्यासारखी. नद्या, रस्ते, गावं, शेतं कापत गेलेली. पश्चिमेला ओंगजिन नावाचं द्वीपकल्प आहे. रेघेमुळं ते दक्षिणेकडं पडलं, पण त्याची जमिनीची वाट उत्तरेकडून. म्हणजे दक्षिणेतून तिथं जायचं तर बोटीनं. कारखाने आणि वीज उत्तरेत, भाताची खाचरं दक्षिणेत. १४ मे १९४८ ला उत्तरेनं दक्षिणेची वीज तोडली. कैसाँग हे जुनं राजधानीचं शहर रेघेच्या दक्षिणेला होतं. युद्ध थांबलं तेव्हा ते उत्तरेत गेलेलं होतं, ते आजतागायत तिथंच आहे. कैसाँगबद्दल वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ गच्चीत जाऊन उभी राहिले. शहर जागचं हलत नाही आणि त्याचा पत्ता बदलतो, हे आम्हाला समजावून सांगावं लागत नाही.

नुसती वीज तोडली म्हणून लाखो माणसं रणांगणावर उतरत नाहीत. मधे आणखी काहीतरी घडावं लागतं. ते काय, हे मला आमच्या गावच्या एका बांधानं शिकवलं.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण होतं. भाताची खाचरं, मधे गवताळ बांध, त्यावर एक करंजाचं झाड आणि मोजणीचा दगड. थोरला दरवर्षी रोहिणीच्या आधी कुदळ घेऊन यायचा आणि आपल्या बाजूनं बांध कोरायचा, चार बोटं, जास्त नाही. धाकटा पावसानंतर दुसऱ्या बाजूनं तेच करायचा. बांध इतका निमुळता झाला की त्यावरून डोक्यावर भारा घेऊन बाईमाणसाला चालता येईना. शिवीगाळ झाली, एकदा खोऱ्याचा दांडा डोक्यात बसला, तालुक्याला खटला गेला, लग्नकार्यात बोलावणं बंद झालं. मोजणीदार आला, साखळी टाकली, दगड हातभर सरकवला. दोघांचंही समाधान झालं नाही. हे सगळं होऊन दोघं वयानं म्हातारे झाले आणि आपापल्या खाटेवर मेले. आता समजा, या दोघांच्या दारात दोन परके येऊन उभे राहिले असते. एक थोरल्याला म्हणाला असता, तू कष्टकऱ्यांचा पुढारी, ही घे शंभर बंदुका. दुसरा धाकट्याला म्हणाला असता, तू स्वातंत्र्याचा पहारेकरी, या घे दीडशे. करंजाचं झाड राहिलं असतं का, आणि गाव तरी राहिलं असतं का?

कोरियात बांधाची भांडणं ढिगानं होती. जपान्यांच्या पस्तीस वर्षांत काही घराण्यांनी परक्यांची चाकरी करून जमिनी कमावल्या होत्या, बाकीचे कूळ म्हणून राबले होते. जपानी गेल्यावर हिशेब होणारच होता. मार्च १९४६ मध्ये उत्तरेत जमीनदारांच्या जमिनी विनामोबदला काढून कुळांना वाटल्या. काम खरं गरजेचं होतं. आमच्याकडंही कूळकायद्यासाठी माणसं झिजलीच. मुख्यमंत्री देवराज अर्सांच्या काळात १९७४ ला कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कर्नाटकातल्या कितीतरी कुळांना कसलेली जमीन मिळाली, त्यात मराठीही होते, कानडीही होते. पण उत्तर कोरियात हे झालं ते सोव्हिएत फौजेच्या छायेत. ज्यांच्या जमिनी गेल्या ते दक्षिणेकडं पळाले. दक्षिणेत अमेरिकन लष्करी राजवट, तिला कम्युनिस्टांचा धसका. जपान्यांनी तयार केलेले पोलीस तिनं तसेच ठेवले, कारण तयार माणसं तीच होती. उत्तरेतून पळून आलेल्या, सूडानं पेटलेल्या तरुणांच्या टोळ्यांनाही तिथं काम मिळालं.

१९४८ मध्ये जेजू बेटावर बंड झालं. ते मोडायला या टोळ्या पाठवल्या. तीन लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या बेटावर पंचवीस ते तीस हजार माणसं मारली गेली असा पुढं सरकारी चौकशीचा अंदाज निघाला. मारणारे कुठले? उत्तरेतल्या जमिनी गमावलेले. मेलेले कोण? बहुतेक कोळी आणि शेतकरी, त्या जमिनींशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण त्यांच्या कपाळावर लाल शिक्का मारला की काम सोपं.

त्याआधी, १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये, संयुक्त राष्ट्रांनी कोरियातल्या निवडणुकीसाठी एक आयोग नेमला होता. अध्यक्ष आपलेच के. पी. एस. मेनन. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी आयोगाला उत्तरेत पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून १९४८ ची निवडणूक दक्षिणेपुरतीच झाली. १५ ऑगस्ट १९४८ ला दक्षिणेचं सरकार, ९ सप्टेंबरला उत्तरेचं. दोघंही म्हणायचे, सगळा देश आमचा.

मी बरीच वर्षं वर्गात असं शिकवत आले की दोन महासत्तांनी कोरियाला कठपुतळीसारखं नाचवलं. पुढं वाचत गेले तसं हे अपुरं वाटू लागलं. दोऱ्या खालूनही ओढल्या जात होत्या. उत्तरेचा प्रमुख किम इल सुंग १९४९ मध्ये मॉस्कोला जाऊन दक्षिणेवर चढाईची परवानगी मागत होता. स्टालिन नको म्हणाला. त्यानं चिकाटी सोडली नाही, आणि १९५० च्या एप्रिलमध्ये स्टालिननं, माओची संमती घे या अटीवर, होकार दिला. इकडं दक्षिणेचा सिंगमन ऱ्ही उत्तरेवर कूच करायच्या गर्जना करत होता, इतक्या की अमेरिकेनं त्याला रणगाडे द्यायचंच टाळलं. मग २५ जून १९५० च्या पहाटे उत्तरेचे शंभरावर टी-३४ रणगाडे रेघ ओलांडून आले तेव्हा समोर एकही रणगाडा नव्हता. तीन दिवसांत सोल पडलं.

लहानाला मोठ्याची ताकद हवी असते, मोठ्याला लहानाची जागा हवी असते. विचारसरणी त्या व्यवहाराचं सोवळं. मी हे कडवटपणानं म्हणत नाही. समता आणि स्वातंत्र्य दोन्ही माणसाला खरोखरच लागतात, आणि कोरियात दोन्हींसाठी मनापासून मेलेली माणसं आहेत. पण ज्या दिवशी समतेला एका बाजूची आणि स्वातंत्र्याला दुसऱ्या बाजूची फौज मिळाली, त्या दिवसापासून दोन्ही हवं असं म्हणणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा उरली नाही.

सोल नऊ महिन्यांत चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. दर खेपेला याद्या. उत्तरेचे आले की जमीनदार, पोलीस, धर्मगुरू यांच्या याद्या. दक्षिणेचे परतले की उत्तरेच्यांना ज्यांनी भात शिजवून घातला त्यांच्या याद्या. दक्षिणेच्या सरकारनं १९४९ मध्ये डाव्या विचारांच्या 'सुधारलेल्या' लोकांची एक संघटना काढली होती, बोडो लीग. अधिकाऱ्यांना आकडे भरायचे होते, त्यामुळं डावं-उजवं न कळणाऱ्या शेतकऱ्यांचीही नावं त्यात घातली गेली. काहींनी धान्य मिळेल म्हणून आपण होऊन घातली. युद्ध सुरू झाल्यावर हे शत्रूला मिळतील म्हणून त्यांना ट्रकांत भरून नेलं आणि खंदकांच्या काठी गोळ्या घातल्या. हजारोंनी मेले. पुढं पन्नास वर्षं घरच्यांना तोंड उघडायची चोरी होती.

याद्यांबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमची गल्ली येते. कोण महाराष्ट्र एकीकरण समितीचा, कोण कानडी संघटनेचा, कुणाचा पोरगा मोर्चात होता, कुणी १ नोव्हेंबरला दुकान उघडं ठेवलं, हे गल्लीत सगळ्यांना पाठ. याद्या आमच्याकडंही आहेत, फक्त डोक्यात आहेत.

आता १९५६ कडं परत येते, कारण आमच्या इथं काय झालं नाही ते बघायला तोच काळ बरा. जग दोन छावण्यांत वाटलेलं. ४ नोव्हेंबरला, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर तीनच दिवसांनी, बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरत होते. आणि महाराष्ट्रात त्याच साली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तिच्या व्यासपीठावर लाल बावट्याचे डांगे, समाजवादी एसेम जोशी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि हिंदू महासभावाले एका ओळीत. बुडापेस्टमध्ये जे एकमेकांच्या उरावर बसले असते ते इथं एकमेकांच्या टाळ्या घेत होते. आजोबा स्वतः कीर्तन-प्रवचनातले, कम्युनिस्टांचं नाव काढलं की कानावर हात ठेवणारे. पण डांग्यांचं भाषण त्यांनी मैदानात उभं राहून ऐकलं होतं. "देव मानत नाही, पण मराठी चांगलं बोलतो," एवढंच त्यांचं मत.

मॉस्को किंवा वॉशिंग्टनला बेळगावात रस नव्हता, हे आमचं नशीब. रस असता तर समितीचे दोन तुकडे व्हायला किती वेळ लागला असता? आणि पलीकडच्या कानडी मंडळींतही लाल-भगवे होतेच.

असं म्हणताना एक गोष्ट दडवून चालणार नाही. इथं माणसं मेलेली आहेत. १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना बेळगाव दरवर्षी अभिवादन करतं. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातही गोळ्या चालल्या, हिंडलग्याला हुतात्मा स्मारक आहे. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना, बघा कोरियापेक्षा तुमचं बरं, असं सांगायची माझी प्राज्ञा नाही. दुःख तराजूत घालत नाहीत. पण त्यांच्यातल्या कुणाच्या हातात बाहेरच्या कुणी बंदूक दिली नाही, आणि ती कुणी मागितलीही नाही. मागितली ती मोजणी, आयोग, सुनावणी. सीमावादासाठी महाजन आयोग आला, त्याचा अहवाल १९६७ ला आला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. ८१४ गावांचा दावा घेऊन २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात तारखा पडताहेत. लोक वैतागतात. मीही वैतागते. सातबाऱ्याच्या जागी कानडी पहाणी हातात पडते आणि ती वाचून घ्यायला शेजारच्या अक्कांकडं जावं लागतं, तेव्हा चीड येते. अक्का वाचून दाखवतात आणि वर चहा पाजतात, त्यामुळं चीड फार टिकत नाही.

कोरियातल्या युद्धाच्या शेवटाला पुन्हा आपली माणसं भेटतात, आणि तीही आमच्या रेघेच्या दोन्ही बाजूंची. जुलै १९५१ ला वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा आघाडी जिथून युद्ध सुरू झालं जवळपास तिथंच येऊन थांबली होती. तरी दोन वर्षं घासाघीस चालली, मुख्यतः एका मुद्द्यावर: ज्या युद्धकैद्यांना आपल्या देशात परत जायचं नाही त्यांचं काय करायचं? या मुद्द्यापायी आणखी लाखो माणसं मेली वा जायबंदी झाली. विचारसरणीचं भूत इथं अगदी उघडं नाचलं; कारण कैदी परत गेला नाही की 'बघा, त्यांची व्यवस्था त्यांच्याच माणसांना नको' असं जगाला सांगता येत होतं. छावण्यांत कैदीच कैद्यांना मारत होते. चिनी कैद्यांच्या अंगावर जबरदस्तीनं कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदवल्या गेल्या, म्हणजे परत जायची सोयच राहू नये.

अखेर २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली. तह नव्हे, तो आजवर झालेला नाही. कैद्यांचा घोळ निस्तरायला पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला, अध्यक्ष लेफ्टनंट जनरल थिमय्या, कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. आणि कैद्यांवर पहाऱ्याला गेलेल्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. एक कोडवा आणि एक मराठा, तिसऱ्याच देशातल्या रेघेवर. थिमय्यांचं कोडगूही १९५६ लाच म्हैसूरला जोडलं गेलं, पण ते पुढं.

ऱ्ही भारतावर इतका भडकलेला की भारतीय जवानाचा पाय दक्षिण कोरियाच्या जमिनीला लागता कामा नये असा त्याचा हट्ट. मग बोटींवरून हेलिकॉप्टरनं एकेक तुकडी उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवली. छावणीला नाव दिलं हिंद नगर. बावीस हजारांवर कैदी ताब्यात आले, तेही दगड मारत, शिव्या देत. भारतीय आपल्याला कम्युनिस्टांच्या हवाली करणार असं त्यांच्या मनावर ठसवलेलं. पहिल्याच दिवसांत त्यांनी मेजर ग्रेवाल या अधिकाऱ्याला आपल्या कुंपणात ओढून धरून ठेवलं. थोरात मोजक्या माणसांनिशी आत गेले, चिडलेल्या घोळक्यात उभं राहून बोलले आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. गोळी चालवायची मुभा असताना कोल्हापूरच्या माणसानं ती चालवली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. सैन्यात मराठे लढतात हे सगळे सांगतात; न लढल्याच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

मग तंबूंत 'समजावणी' सुरू झाली. एकेका कैद्याला आत आणायचं, त्याच्या मूळ देशाचे अधिकारी त्याला परत चल म्हणून विनवणार, आणि शेवटी बाहेर पडायला दोन दारं. एकातून गेलास तर घरी, दुसऱ्यातून गेलास तर कायमचा पलीकडं. कुणी खुर्च्या फेकत होते, कुणी थुंकत होते. घरी आई असेल, बायको असेल, एखादा बांधही असेल, पण दारावर ते लिहिलेलं नव्हतं.

बहुतेकांनी दुसरं दार धरलं. ८८ जणांनी मात्र दोन्ही नाकारली. आम्हाला उत्तरही नको, दक्षिणही नको, तैवानही नको आणि माओचा चीनही नको. ७६ कोरियन, १२ चिनी. त्यांना कुठं ठेवायचं ते कुठल्याच कलमात बसेना. फेब्रुवारी १९५४ मध्ये परतणाऱ्या भारतीय फौजेबरोबर ते बोटीनं मद्रासला आले. पुढं बरेचसे ब्राझील-अर्जेंटिनाला गेले, थोडे भारतातच राहिले. संपूर्ण युद्धातलं मला सगळ्यात शहाणं वाटणारं मत या ८८ जणांचं, आणि त्याची किंमत म्हणून त्यांना घर सोडावं लागलं.

कोरियातली रेघ तेव्हा मिटली ती चार किलोमीटर रुंद पट्टा होऊन, काटेरी तारा आणि सुरुंगांसकट. पत्र जात नाही, फोन जात नाही. १९८३ मध्ये दक्षिणेतल्या केबीएस वाहिनीनं युद्धात चुकामूक झालेल्या नातेवाइकांना शोधायचा कार्यक्रम सुरू केला. एक रात्र चालेल असं वाटलेलं, तो जूनअखेर ते नोव्हेंबर चालला. लोकांनी वाहिनीच्या इमारतीच्या भिंती, पायऱ्या, समोरचं मैदान हातानं लिहिलेल्या कागदांनी भरून टाकलं: नाव, गाव, आईच्या गालावर तीळ, कुठल्या पुलाजवळ हात सुटला. दहा हजारांवर गाठीभेटी झाल्या, आणि हे फक्त एकट्या दक्षिणेत राहणाऱ्यांचं. त्याच देशात तीस वर्षं राहून एकमेकांना न सापडलेल्यांचं. पलीकडं राहिलेल्यांचा तर हिशेबच नाही.

आई गेल्या वर्षापर्यंत माहेरी जायची. शिनोळीला राज्य बदलतं. तिथं एका बाजूला पेट्रोल स्वस्त असेल तर दुसऱ्या बाजूची माणसं तिथं रांग लावतात, एवढाच काय तो विचारसरणीचा फरक. ताम्रपर्णी चंदगडातून वाहते, घटप्रभेला मिळते आणि हिडकलचं धरण भरतं. तिला नाक्यावर कुणी अडवत नाही. वातावरण तापलं की बसगाड्या बंद होतात, पाट्यांना काळं फासलं जातं, दोन दिवसांनी पुन्हा सुरू. बस बंद असली की मामा मोटारसायकल घेऊन यायचा आणि आई त्याला रागावायची, "इतक्या लांब कशाला आलास रे, तुझ्या राज्यात काम नव्हतं काय?"

माझ्या दिराचा मुलगा बेंगळूरला आयटीत आहे. कानडी फर्डं बोलतो, बायको धारवाडची. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुटी असते, ती धरून तो दरवर्षी रात्रीच्या गाडीनं बेळगावला येतो, सकाळी दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिनाच्या सायकल फेरीत जातो, आणि दुपारी सासुरवाडीहून आलेल्या होळिग्यांवर, म्हणजे पुरणपोळ्यांवर, ताव मारतो. गेल्या खेपेला मी त्याला विचारलं, अरे, ज्या दिवसाचा निषेध करतोस त्याचीच सुटी घेतोस? तो म्हणाला, "काकू, रजा टाकली असती तर पगार कापला असता की."